डावा कान पातळ वाजतो: एका महागड्या इअरफोनच्या पारखीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातले एक ध्वनिसंपादक. वय पंचेचाळीसच्या पुढे, काम मराठी श्राव्य पुस्तकांचे. निवेदकाने घरून किंवा स्टुडिओतून पाठवलेले ध्वनिमुद्रण साफ करायचे, श्वास आणि खाकरे काढायचे, पातळी सारखी करायची आणि स-श टोचत असतील तर ते मऊ करायचे. इतकी वर्षे हे काम ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला जोडलेल्या ध्वनिमुद्रणाच्या पेटीच्या) हेडफोन-सॉकेटला लावलेल्या बंद हेडफोनवर चालले होते. पावसाळ्यात मात्र पंखा बंद ठेवून सहा-सहा तास कान झाकून बसणे नकोसे झाले, आणि जुलैच्या सुरुवातीला त्यांनी कानात बसणारी एक महागडी जोडी मागवली. किंमत सुमारे ७० हजार रुपये.

जोडीचे नाव इथे देत नाही, कारण जे घडले ते कमी इम्पीडन्सच्या (म्हणजे विद्युतप्रवाहाला कमी विरोध करणाऱ्या; हा विरोध ओममध्ये मोजतात), अनेक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे भाग) असलेल्या कुठल्याही जोडीबाबत घडू शकते. तपशील असा: प्रत्येक बाजूला ५ बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, नोझलच्या (कानात जाणाऱ्या नळीच्या) तोंडाशी ३ वेगळी छिद्रे (खर्ज, मध्य आणि वरच्या पट्टीसाठी एकेक), ०.७८ मिलिमीटरची दोन-पिनी सुटी केबल. कागदावरचे आकडे: १ किलोहर्ट्झला ९ ओम, आणि १ मिलिवॉटला ११२ डेसिबल.

बॅलन्स्ड आर्मेचर ही इअरफोनमध्ये श्रवणयंत्रांतून आलेली रचना. तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढी बंद डबी आणि तिच्या तोंडातून निघणारी बारीक नळी. ती कार्यक्षम असते, तिचा तपशील सुरेख असतो, पण खर्ज ऐकू यायचा तर कान हवाबंद व्हावाच लागतो. टिपच्या (नोझलवरच्या मऊ टोपीच्या) कडेने जराशी फट राहिली की २०० हर्ट्झच्या खालचा भाग गळून जातो. हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

विक्रेत्याच्या अटी नेहमीच्याच होत्या. कानात जाणारी वस्तू असल्याने खोके फोडल्यावर पैसे परत नाहीत. दोष सिद्ध झाला तर ७ दिवसांत बदली.

तक्रार

पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी खटकल्या, आणि तिन्ही एकाच वेळी खटकल्या हीच पुढची अडचण ठरली.

फोनला डोंगल (हेडफोन जोडायचे छोटे उपकरण) लावून ऐकले तर आवाज हडकुळा. तबल्याच्या डग्ग्याचा ‘घे’ वाजतो खरा, पण घुमत नाही; डाव्या बाजूला तर नुसती टिचकी. तीच जोडी इंटरफेसला लावली की खर्ज भरून येतो, मात्र निवेदकाचा आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो. शिवाय इंटरफेसवर गाणे थांबले की कानात बारीक ‘स्स्स’ चालूच.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर आले: “साहेब, नवीन आहे ना, शंभर तास वाजू द्या, मग बोला.”

सल्ला ऐकून जोडी रात्रंदिवस वाजत ठेवली गेली. दिवसा तिच्यावरच काम चालू होते. चौथ्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. आधी प्रकाशकाकडून दोन प्रकरणे परत आली: “स फार टोचतोय, आणि आवाज एकदम उघडा झालाय, आधीच्या प्रकरणांसारखा नाही.” त्याच रात्री त्यांच्या लक्षात आले की मोनो निवेदन, जे नेमके कपाळाच्या मधोमध ऐकू यायला हवे, ते उजवीकडे सरकले आहे. पहिल्या दिवशी तसे नव्हते.

इथला पहिला चुकलेला निर्णय स्पष्टच आहे. शंभर तास म्हणजे चार दिवस आणि चार तास; सात दिवसांच्या मुदतीतला निम्म्याहून जास्त वेळ. बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर वाजवून ‘मोकळा’ होतो याला मोजमापाचा आधार मिळत नाही. बदलते ते बहुधा ऐकणाऱ्याचे कान आणि टिप बसवण्याची सवय. विक्रेत्याच्या मनात काय होते ते सोडून द्या. पण बदलीची मुदत चालू असताना असा सल्ला मानणे ग्राहकाच्या पथ्यावर पडत नाही.

समोर असलेले पर्याय

पाचव्या दिवशी सकाळी पुढील मार्ग दिसत होते.

एक, आवाज एका बाजूला सरकतो म्हणून थेट बदली मागायची. दोन, इक्यूने (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी बदलणाऱ्या फिल्टरने) डावी बाजू उचलून वेळ मारून न्यायची. तीन, कानाचा साचा घेऊन स्वतःच्या मापाच्या सिलिकॉन टिप करून घ्यायच्या. खर्च काही हजार, वेळ दोन-तीन आठवडे. चार, तोटा सोसून जोडी विकून टाकायची.

पाचवा मार्ग मोहाचा होता आणि जवळजवळ घेतलाच गेला होता: ४० हजारांचा वेगळा डॅक-अँप (डिजिटल आवाज विद्युत संकेतात बदलून वाढवणारे उपकरण). युक्तिवाद वरवर पटण्यासारखा होता. डोंगलवर खर्ज नाही, इंटरफेसवर आहे, म्हणजे डोंगलला ताकद कमी पडते. मग चांगला अँप घेतला की झाले. आपल्याकडे महागडे इअरफोन घेणारी बरीच मंडळी याच वळणावर दुसरी खरेदी करतात. इथे ती टळली, आणि टळली ती ऑर्डर देण्याआधी ३३ ओमचा एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर हाताशी घेतल्यामुळे.

सोर्सची तपासणी

रीत सोपी आहे. सोर्समधून, म्हणजे इअरफोन ज्याला लावतो त्या डोंगल किंवा इंटरफेसमधून, १०० हर्ट्झचा सूर वाजवायचा, इअरफोन न लावता सॉकेटवरचा एसी व्होल्टेज २०० मिलिव्होल्टवर आणायचा. मग त्याच सॉकेटवर ३३ ओमचा रेझिस्टर जोडून पुन्हा वाचायचे. सूर १०० हर्ट्झचाच घ्यायचा, कारण स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी नीट वाचतीलच असे नाही.

इंटरफेसवर २०० चे १५३ झाले. गणित केले तर आउटपुट इम्पीडन्स (सोर्सचा स्वतःचा आतला विरोध) १० ओम. डोंगलवर २०० चे १९४. म्हणजे १ ओम.

आता इअरफोनची बाजू. कागदावर ‘९ ओम’ लिहिलेले असते ते फक्त १ किलोहर्ट्झपुरते. अनेक ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर (ड्रायव्हरांमध्ये सूर वाटून देणारे सर्किट) असलेल्या जोडीत हा आकडा सुरागणिक बदलतो. ‘रूम इक्यू विझार्ड’ या मोफत प्रोग्रॅमने मोजल्यावर १०० हर्ट्झला ३५ ओम, १ किलोहर्ट्झला ९ आणि ५ किलोहर्ट्झला ६ ओम आले.

दोन्ही आकडे एकत्र ठेवले की कोडे सुटते. १० ओमच्या सोर्सवर १०० हर्ट्झला २.२ डेसिबल घट होते, १ किलोहर्ट्झला ६.५ आणि ५ किलोहर्ट्झला ८.५. म्हणजे मध्य सप्तकाच्या तुलनेत खर्ज ४.३ डेसिबल वर, वरची पट्टी २ डेसिबल खाली. १ ओमच्या डोंगलवर हेच फरक ०.७ आणि ०.४ एवढेच उरतात. दोन सोर्समधला खालपासून वरपर्यंतचा उतार ५ डेसिबलहून जास्त. हा फरक कुणालाही ऐकू येईल. त्याला ‘सोनेरी कान’ लागत नाहीत. सोर्सचा आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा हा जुना ठोकताळा इथे लावला तर ९ ओमला साधारण १.१ ओमपर्यंत चालते. डोंगल त्यात बसतो, इंटरफेस बसत नाही.

थोडक्यात, हडकुळे वाजणारे डोंगल बरोबर होते आणि भरदार वाजणारा इंटरफेस चुकत होता. मग डोंगलवर खर्ज का नव्हता? कारण खर्ज दुसरीकडे, टिपच्या फटीतून गळत होता. इंटरफेसची चूक त्या गळतीवर पांघरूण घालत होती. दोन दोष एकमेकांना झाकतात तेव्हा एकेक दोष वेगळा काढल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष भरवशाचा नसतो.

‘स्स्स’चे उत्तरही याच हिशोबात आहे. ९ ओमला १ मिलिवॉट म्हणजे सुमारे ०.०९५ व्होल्ट. त्यावरून १ व्होल्टला १३२ डेसिबल एवढी संवेदनशीलता निघते. इतक्या तल्लख जोडीच्या टोकांशी १० मायक्रोव्होल्टची खरखर पोचली तरी ती ३२ डेसिबलची होते, आणि शांत खोलीत बंद कानात ती ऐकू येतेच. दोष इअरफोनचा नाही. उलट ७५ डेसिबलवर ऐकायला हिला दीड मिलिव्होल्टही लागत नाही, तेव्हा ‘ताकदवान अँप’ हा इथे उपाय नसून अपाय आहे.

टिप आणि गळती

खोक्यात सिलिकॉनच्या लहान, मध्यम, मोठ्या आणि फोमच्या मध्यम टिप होत्या. दोन्ही बाजूंना कारखान्यातून आलेली मध्यम सिलिकॉन टिपच होती. ती बदलून पाहिलीच गेली नव्हती. माणसाचे दोन कान सारखे असतात हे गृहीतच चुकीचे. डाव्या-उजव्या नलिकेत एका मापाचा फरक असणे अगदी सामान्य आहे.

गळतीची चाचणी अशी. ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावायचा. इअरफोन बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, तोंड किंचित उघडायचे, इअरफोन थोडा फिरवत आत न्यायचा. मग बोटाने अलगद आत दाबायचे. दाबल्यावर खर्ज वाढला तर फट आहे; तसाच राहिला तर बसला. शेवटी जबडा हलवायचा, मान वळवायची. त्यात खर्ज ये-जा करत असेल तर ते माप चालायचे नाही. उजवीकडे मध्यम टिप पास झाली. डावीकडे दाबताच खर्ज उसळून वर आला. मोठी टिप लावल्यावर दाबूनही फरक पडेना.

ऐकण्याच्या परीक्षेत एक गफलत झाली होती, तीही सांगण्यासारखी आहे. त्यांनी खर्ज पारखायला तानपुरा निवडला होता. पुरुषी काळी एकचा तानपुरा घेतला तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास आणि जोडीच्या तारा १३९ च्या आसपास. पण जवारीमुळे (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झणकारामुळे) तानपुऱ्यात वरच्या स्वरांशांची इतकी रेलचेल असते की मूळ ६९ हर्ट्झ कानात पोचलाच नाही तरी मेंदू तो खालचा सा स्वतःच उभा करतो. त्यामुळे गळक्या टिपवरही तानपुरा ‘ठीक’ वाटला. गळती पकडायला डग्गा बरा. त्याची घसीट खाली उतरते तिथे आवाज संपतो की छातीत जातो ते लगेच कळते. तानपुरा ठेवावा तो मध्य आणि वरच्या पट्टीसाठी, जवारीचे धागे सुटे ऐकू येतात का हे पाहायला.

सरकलेला आवाज

आता उरले उजवीकडे सरकलेले निवेदन. इथे चार संशयित असतात: सोर्स, केबल, इअरफोन आणि स्वतः कान. त्यांना वेगळे करायचा क्रम ठरलेला आहे, पण त्यात चुकाही ठरलेल्या आहेत.

पहिली चूक त्यांच्याकडूनही झाली. सॉफ्टवेअरमध्ये डावा-उजवा चॅनेल अदलाबदल केला, काहीच बदलले नाही, म्हणून सोर्स निर्दोष ठरवला. मोनो आवाजात दोन्ही चॅनेलवर एकच मजकूर असतो. तो उलटसुलट केला तरी सोर्सच्या प्रत्यक्ष आउटपुटची परीक्षा होतच नाही. खरी अदलाबदल केबलच्या इअरफोनकडच्या टोकांची करायची: डावी तार उजव्या इअरफोनला, उजवी डाव्याला. तसे केल्यावरही आवाज उजवीकडेच राहिला, म्हणजे सोर्स आणि केबल दोन्ही सुटले. (दोन-पिनी केबल लावताना पिनांची दिशा जपावी. एका बाजूची पिन उलटी बसली तर ध्रुवता उलटते, आणि मधला आवाज बाजूला सरकत नाही, तर डोक्यात पसरून पातळ होतो. ते लक्षण वेगळे.)

मग इअरफोनच कान बदलून घातले. कवच कानाच्या घडणीचे असल्याने ते उलटे, केबल खाली सोडून कसेबसे बसतात. पण अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेला पुरतात. आवाज आता डावीकडे गेला. संशय डाव्या इअरफोनवर पक्का झाला.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी विक्रेत्याकडे लेखी तक्रार टाकली आणि मगच पुढचे तपास सुरू केले. हा क्रम योग्य होता. मुदत संपत आलेली असताना तारीख नोंदली जाणे महत्त्वाचे. तक्रार मागे घेता येते, गेलेली मुदत परत घेता येत नाही.

त्याच दुपारी ओळखीच्या एका साउंड इंजिनिअरकडून ७११ कपलरची स्वस्त नक्कल उसनी आणली. मूळ कपलर आयईसी ६०३१८-४ या मानकाचा. कानाच्या नलिकेसारखा प्रतिसाद देणारा धातूचा छोटा कक्ष आणि आत मायक्रोफोन. नकला काही हजारांत मिळतात. त्यांच्या निरपेक्ष आकड्यांवर विसंबू नये, आणि ८-१० किलोहर्ट्झच्या वर तर मुळीच नाही; पण एकाच कपलरवर डावी विरुद्ध उजवी बाजू तोलायला त्या पुरेशा आहेत. प्रत्येक बाजू पाच वेळा काढून पुन्हा बसवली, दोन्हीकडे एकच मध्यम टिप वापरली, आणि खोली इतकी ठेवली की नळीच्या अनुनादाचे शिखर प्रत्येक वेळी ८ किलोहर्ट्झच्या आसपास यावे. हे न पाळल्यास तुम्ही इअरफोनमधला नव्हे, बसवण्यातला फरक मोजता.

दीड किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही बाजू अर्ध्या डेसिबलच्या आत जुळल्या. अडीच किलोहर्ट्झपासून डावी बाजू घसरत गेली आणि ५ किलोहर्ट्झला ६ डेसिबल खाली होती.

आलेख पाहून बदलीचा दावा भक्कम वाटतो. पण खर्ज आणि मध्य शाबूत असून फक्त वरची पट्टी पडली, तर तीन छिद्रांपैकी एकाच्या वाटेत काहीतरी आहे हाही अर्थ निघतो. पावसाळा असल्याने आधी दमटपणाचा संशय घेतला आणि जोडी रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवली. सकाळी फरक शून्य. मग घड्याळजीच्या भिंगाखाली टॉर्च धरून पाहिले. डाव्या नोझलचे एक छिद्र पिवळसर मळाने अर्धेअधिक बुजले होते.

दुवा इथे जुळला. डावी टिप लहान पडत होती, म्हणून खर्ज मिळवायला ते चार दिवस ती खोल दाबून बसवत होते. डाव्या कानात मळ होता. प्रत्येक दाबणीला थोडा मळ नोझलच्या तोंडात जात होता. वरची पट्टी हळूहळू मिटली, म्हणून पहिल्या दिवशी मधोमध असलेला आवाज चौथ्या दिवशी उजवीकडे गेला. आणि कामावरचा परिणामही तिथलाच. इंटरफेसमुळे दोन्ही बाजूंची वरची पट्टी दबलेली, त्यात डावी आणखी बुजलेली. आवाज मंद वाटला म्हणून त्यांनी दोन प्रकरणांत ४ किलोहर्ट्झच्या वर ३ डेसिबल चढवले होते. प्रकाशकाला टोचले ते तेच.

सातवा दिवस: बदली की सफाई

तक्रार नोंदलेली, आलेख हाताशी, मुदतीचा शेवटचा दिवस. आलेख पाठवून गप्प बसले असते तर बदली मिळण्याची शक्यता होती. पण कानातला मळ हा कारखान्याचा दोष नाही, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये भिंगाखाली तो दिसलाच असता. मग दावा फेटाळला जाऊन जोडी दोन-तीन आठवडे अडकून पडली असती. त्यांनी आधी सफाई करून पाहायचे ठरवले, आणि तिने भागले नाही तर संध्याकाळी आलेख पाठवायचे.

सफाई करताना नोझल खाली तोंड करून धरायचे, म्हणजे सुटलेला कण बाहेर पडतो, आत जात नाही. खोक्यात मिळणाऱ्या तारेच्या बारीक कडीने मळ बाहेरच्या दिशेने उचलायचा. टोचायचे नाही, ढकलायचे नाही. नंतर कोरड्या मऊ ब्रशने कडा झाडायच्या. स्पिरिट किंवा पाणी छिद्रात गेले तर आतला डॅम्पर (आवाज सौम्य करणारी बारीक जाळी) बिघडतो आणि मग खरोखरच ड्रायव्हर गमावायची पाळी येते. तोंडाने फुंकणे वाईट. फुंकरीत ओलावा असतो. ज्या नोझलवर जाळी असते तिथे कडी वापरूच नये, जाळी बदलून घ्यावी.

वीस मिनिटांनी पुन्हा मोजले. ५ किलोहर्ट्झचा फरक ६ डेसिबलवरून १ डेसिबलच्या आत आला. तक्रार मागे घेतली.

सुटले नाही ते

डावीकडे मोठी टिप आल्यावर खर्ज परतला, पण एक नवीन गोष्ट पुढे आली: स टोचू लागला, तोही डाव्या बाजूला जास्त. कारण भौतिक आहे. इअरफोनचे तोंड आणि कानाचा पडदा यांमधली बंद नळी अर्ध्या तरंगलांबीला घुमते. अंतर २२ मिलिमीटर असेल तर शिखर ८ किलोहर्ट्झच्या आसपास, १८ असेल तर १० च्या जवळ. मोठी टिप कमी खोल बसते, अंतर वाढते, शिखर खाली उतरते आणि नेमके स-शच्या पट्ट्यात येऊन बसते.

मराठी निवेदनाला हे जास्त भोवते. चमचा, चाक, चूल यांतला दंत्य च आणि चार, चंद्र, चिमटा यांतला तालव्य च हा फरक बराचसा याच पट्ट्यातल्या घर्षणावर उभा आहे. इथे शिखर आले की दंत्य च चिरका होतो, आणि संपादक निवेदकाला दोष देत बसतो. स्वतःच्या भाषेतली अशी वीस-पंचवीस शब्दांची यादी, एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या आवाजात, हा कुठल्याही परदेशी परीक्षा-ट्रॅकपेक्षा या कामासाठी चांगला मापदंड आहे.

फोमची टिप लावून पाहिली. शिखर मऊ झाले, पण जवारीही झाकली गेली. शेवटी हळू आवाजात ५ ते १० किलोहर्ट्झ सूर सरकवत प्रत्येक कानाचे शिखर वेगवेगळे शोधले: डावीकडे ७.६, उजवीकडे ८.४ किलोहर्ट्झ. दोन्हीकडे त्या-त्या जागी अरुंद फिल्टरने ४ डेसिबल कमी केले. संगणकावर ‘इक्वलायझर एपीओ’ने चॅनेलनिहाय हे जमते. कपलरच्या आलेखावरून हे आकडे काढता आले नसते. कपलरचे शिखर कपलरच्या नळीचे असते. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून मांडलेली लक्ष्यरेषा खर्ज-मध्याचा तोल ताडायला उपयोगी आहे, पण ८ किलोहर्ट्झजवळ तुमचा कान काय करतो ते तिला ठाऊक नसते.

जुन्या, दोन हजारांच्या साध्या इअरफोनशी तुलनाही एकदा फसली होती. त्या जोडीचा आवाज ३ डेसिबल मोठा होता आणि म्हणून ती ‘जास्त जिवंत’ वाटली होती. कपलरवर १ किलोहर्ट्झला दोन्ही ०.२ डेसिबलच्या आत जुळवल्यावर निकाल फिरला: महागड्या जोडीत दोन श्वासांमधली खोलीची गुंज आणि संपादनाचे सांधे सहज ऐकू येत होते. हे जुळवणे कानाने किंवा मल्टिमीटरने होत नाही. ऐकण्याच्या पातळीला इथे मिलिव्होल्टभरच विद्युतदाब असतो.

निकाल

तीन महिन्यांनंतरची स्थिती. डावीकडे मोठी टिप, उजवीकडे मध्यम. सोर्स एकच: १ ओमचा डोंगल, संगणकालाही तोच. इंटरफेस फक्त ध्वनिमुद्रणासाठी. दर रविवारी भिंगाखाली नोझलची पाहणी, पावसाळ्यात सिलिका जेलची डबी. कान-नाक-घसा डॉक्टरांकडून डाव्या कानातला मळ काढून घेतला. कापसाच्या काड्या बंद.

सांधे, श्वास, पातळी यांसाठी ही जोडी वापरली जाते. स-श किती मऊ करायचे हा निर्णय मात्र अजून जुन्या बंद हेडफोनवरच होतो, आणि ते बरोबर आहे. दोन प्रकरणे पुन्हा करून द्यावी लागली. त्या कामाचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. ७० हजार वसूल झाले का? या कामापुरते बोलायचे तर मधल्या किमतीच्या एखाद्या जोडीत, टिप आणि सोर्स नीट असते तर, यातले बरेचसे मिळाले असते. ऐकण्याच्या आनंदाचा हिशोब वेगळा.

पुन्हा करायचे झाल्यास

खरेदीआधीच डॉक्टरांकडे कान दाखवून घेतले असते, आणि दुकानात जोडी वाजवून पाहायची सोय नसली तरी निदान सोर्सचा आउटपुट इम्पीडन्स घरी मोजला असता. खोके उघडल्याच्या तासाभरात, नोझल अजून कोरी असताना, दोन्ही बाजूंचा आलेख काढून ठेवला असता. हा एकच आलेख असता तर दोष आधीपासूनचा की नंतरचा हा प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. कपलर नसेल तर साधा छोटा मायक्रोफोन आणि दोन सेंटिमीटर सिलिकॉन नळीही डावी-उजवी तोलायला चालते.

पहिला दिवस टिपचा: फक्त ४० हर्ट्झचा सूर आणि डग्गा, बाकी काही ऐकायचे नाही. दुसरा दिवस मोनो निवेदन आणि केबलची अदलाबदल. तिसऱ्या दिवशी पातळी जुळवून जुन्या जोडीशी तुलना, मग स्वतःची शब्दयादी. या तीन दिवसांत प्रकाशकाचे काम या जोडीवर अजिबात करायचे नाही. बदली मागायची की नाही हे ठरवायला त्यानंतरही चार दिवस हातात राहतात.